मुलं ऑनलाइन काय काय सांगून बसतात? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत समुपदेशनाचं काम करते. पालकसभा संपल्यावर चार-पाच जण टेबलापाशी रेंगाळतात आणि सभेत विचारायचं राहिलेलं हळूच विचारतात. हे प्रश्न तिथले आहेत, भाषाही बहुतेक त्यांचीच. उत्तरं बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी आहेत.

आमची मुलगी नाव-पत्ता कुणालाच देत नाही. मग तिची माहिती बाहेर गेली असं कशावरून म्हणता?

पत्ता कुणी पत्ता म्हणून देत नाही, तो तुकड्यातुकड्यानं जातो. आठवीतल्या एका मुलीचं अकाउंट तिच्या परवानगीनं, तिच्या शेजारी बसून, अनोळखी माणसाच्या नजरेनं पाहिलं होतं. बायोत शाळेची आद्याक्षरं आणि "८ ब". एका रीलमध्ये गणवेश, खिशावर शाळेचं बोधचिन्ह. पावसाचा व्हिडिओ घराच्या गॅलरीतून काढलेला, समोरच्या इमारतीवर सोसायटीचं नाव ठळक अक्षरात. मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी "क्लासचा कंटाळा" अशी स्टोरी, मागे क्लासचा बोर्ड. वाढदिवसाला मैत्रिणींनी टॅग केलेल्या ढीगभर स्टोऱ्या, म्हणजे तारीख कळली; केकवरच्या आकड्यावरून वय कळलं. मातृदिनाला आईला टॅग केलेलं. आईचं अकाउंट सगळ्यांना उघडं, आणि त्यावर घरगुती मसाल्यांच्या ऑर्डरसाठी मोबाइल नंबर.

मुलीनं कुठेही काही "दिलं" नव्हतं. पण ती कुठे राहते, कधी एकटी चालत जाते आणि कोणाच्या नावानं फोन केला तर ती विश्वास ठेवेल, हे दहा मिनिटांत कळत होतं. स्क्रीनकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं मीच टाकलंय?" अर्धं तिनं टाकलं होतं, अर्धं इतरांनी.

हा प्रयोग घरी करा. मुलाला शेजारी बसवून करा, त्याच्या पाठीमागे नको.

दहावीचा निकाल स्टेटसला ठेवला तर बिघडलं कुठे? आनंदाचीच गोष्ट आहे ना?

टक्के सांगा, पेढे वाटा. हॉल तिकीट आणि गुणपत्रिकेचा फोटो मात्र ठेवू नका. राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि दोन्ही हॉल तिकिटावर छापलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शुभेच्छा घ्यायला म्हणून हॉल तिकिटाचा फोटो टाकला, की निकालाच्या दुपारी वर्गातला कोणीही त्या मुलाचे विषयवार गुण त्याच्या आधी पाहू शकतो. गणितात काठावर सुटलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नसते. चार जणांनी मिळून एकाचे गुण ग्रुपवर टाकल्याचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. तो मुलगा नंतर बरेच दिवस शाळेच्या व्हॅनमध्ये बसेना.

शाळा सोडल्याचा दाखला तर त्याहून जपायचा कागद. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, सगळं एका पानावर.

आम्ही स्वतः तर काही टाकत नाही. मग मुलं हे शिकतात कुठून?

खरंच टाकत नाही? बारशाचे फोटो, पहिल्या दिवशी शाळेच्या गेटसमोरचा फोटो, "आमच्या पिल्लूला आज १४ वर्षं पूर्ण" अशी पोस्ट, तीही सगळ्यांना दिसेल अशी. "चाललो बाबा महाबळेश्वरला, चार दिवस" हे स्टेटस, म्हणजे घराला कुलूप आहे ही खबर. नातेवाइकांच्या ग्रुपवर गुणपत्रिका. चौकात काकांनी लावलेला फ्लेक्स, त्यावर मुलीचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, टक्के आणि खाली "शुभेच्छुक" म्हणून गल्लीतल्या मंडळाचं नाव. मुलीला कोणी विचारलेलं नसतं.

मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात आणि वागणं जास्त बघतात. आपल्या घरातली गोष्ट बाहेर सांगायच्या आधी ज्याची आहे त्याला विचारायचं, ही सवय ज्या घरात आहे तिथल्या मुलांना मैत्रिणीचा फोटो टाकताना तिला विचारणं वेगळं शिकवावं लागत नाही. पालकसभेत मी हे म्हटलं की मागच्या रांगेतले दोन-तीन बाबा मोबाइल खिशात टाकतात. तेवढं यश मला पुरतं.

मोठी मुलगी काहीच टाकत नाही, धाकटा जेवलेलंसुद्धा टाकतो. एकाच घरात असं कसं?

कारण पिंड वेगळा. यावर संशोधन बरंच झालं आहे. सिंगापूरमधल्या १३ ते १८ वयाच्या ७८० मुलांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतःच्या मोठेपणाचं आकर्षण जास्त, ती मुलं स्वतःबद्दल जास्त उघड करतात, असं त्यात दिसलं. जी मुलं चारचौघांत बावरतात, त्यांना खासगीपणाची काळजी जास्त असते आणि त्या काळजीपोटी ती हात आखडता घेतात. पालक मुलांशी याबद्दल बोलतात की नाही, यानंही फरक पडत होता.

माझ्या खोलीत जे दिसतं ते याच्याशी जुळतं, पण पूर्ण नाही. बोलक्या, चारचौघांत रमणाऱ्या मुलाचं माहिती देणं हे गप्पांचाच भाग असतं. त्याला "टाकू नकोस" म्हणणं म्हणजे "बोलू नकोस" म्हणण्यासारखं. त्याच्याशी बोलायचं ते कधी आणि कुणासमोर याबद्दल: सहलीचे फोटो घरी परत आल्यावर टाक, इन्स्टाग्रामवरची "क्लोज फ्रेंड्स" यादी, म्हणजे निवडक लोकांनाच स्टोरी दाखवायची यादी, खरंच जवळच्यांची ठेव. असं मूल ऐकतं, कारण त्याचं बोलणं आपण बंद केलेलं नसतं.

ज्याला कौतुकाची भूक आहे त्याची गोष्ट अवघड. लाइक कमी पडले की तो आणखी काही उघड करतो, कारण घरातल्या भांडणाची स्टोरी किंवा रडतानाचा फोटो नेहमीच्या सेल्फीपेक्षा जास्त चालतो. इथे मोबाइलची सेटिंग बदलून भागत नाही. त्याचं कौतुक घरात, मैदानावर, गॅदरिंगमध्ये कुठे होतंय का, हे बघावं लागतं. गणपतीत मंडळाच्या ढोल पथकात गेलेला एक मुलगा दोन महिने इन्स्टाग्राम विसरला होता. प्रत्येकाला ढोल मिळतोच असं नाही, पण काहीतरी मिळायला हवं.

आणि बिनधास्त मुलं. त्यांना धोका माहीत असतो, नेमकी त्याचीच गंमत वाटते. त्यांना भीती घालून उपयोग शून्य. त्यांच्या हातात काम द्या: "आजीला आलेला हा मेसेज खरा की खोटा, बघून सांग." अशी मुलं उत्तम पहारेकरी होतात.

आमचा मुलगा अबोल आहे, स्टेटससुद्धा ठेवत नाही. म्हणजे काळजी नको ना?

इथेच फसगत होते. खऱ्या नावानं गप्प असणारं मूल खोट्या नावानं भरभरून बोलत असू शकतं. गेममधला व्हॉइस चॅट, शाळेच्या नावानं कोणीतरी चालवलेलं "कन्फेशन" पेज, निनावी प्रश्नांची लिंक, आणि आता एआय चॅटबॉट. समोर चेहरा नसला की लाजाळू मुलाची जीभ सैल होते, आणि तो सांगतो तेही वरवरचं नसतं: घरातले वाद, स्वतःच्या शरीराबद्दलचा न्यूनगंड, आवडणारी मुलगी.

निनावी प्रश्नांच्या ॲपबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. एनजीएल नावाचं ॲप मुलांमध्ये फार चाललं. मुलांना आलेले कितीतरी "निनावी प्रश्न" माणसांनी विचारलेलेच नव्हते, ॲपच ते पाठवत होतं, असा आरोप अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं केला. २०२४ मध्ये तडजोड झाली, कंपनीला ५० लाख डॉलर भरावे लागले आणि १८ वर्षांखालच्यांना ते ॲप देण्यावर बंदी आली. "तुझ्यावर कोणीतरी मरतं, ओळख पाहू" हे वाचून रात्रभर जागलेल्या मुलीला ही बातमी दाखवली, तर ती आधी चिडली आणि मग स्वतःच ॲप काढून टाकलं.

अबोल मुलाला खोदून विचारू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, नजरेला नजर न देता होणाऱ्या गप्पांत तो जास्त सांगतो.

सरळ मोबाइलच काढून घेतला तर?

घेता येतो. मग तो मित्राच्या मोबाइलवर दुसरं अकाउंट उघडतो, ज्याला मुलं "स्पॅम अकाउंट" म्हणतात, आणि तिथे काय चाललंय हे तुम्हाला कधीच कळत नाही. शिवाय शाळेचा गृहपाठ, क्लासची वेळ, सगळं व्हॉट्सॲपवर येतं, त्यामुळे चौथ्या दिवशी तुम्हीच मोबाइल परत देता.

बंधनं नकोत, असं मी म्हणत नाही. रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम मला पूर्ण मान्य आहे, फक्त तो आईबाबांच्या मोबाइललाही लागू हवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये असंच काहीसं केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. ती गोष्ट गाजली ती भोंग्यामुळे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोबाइल मोठ्यांनीही खाली ठेवायचा होता.

कुटुंबात बोलणं कसं होतं यावर अमेरिकेत १९७०च्या दशकापासून अभ्यास होत आले आहेत. काही घरांत "मोठ्यांना उलट बोलायचं नाही" यावर भर असतो, काही घरांत "तुला काय वाटतं, का वाटतं" हे विचारलं जातं. ज्या घरांत चर्चा होते तिथल्या मुलांना आपल्या माहितीची किंमत जास्त कळते, असं पुढे इंटरनेटबद्दलच्या पाहण्यांमध्येही आढळलं. आपल्याकडे पहिल्या प्रकारची घरं जास्त. त्यात वाईट हेतू काही नसतो. पण "का नाही टाकायचं?" या प्रश्नाला "मी सांगते म्हणून" एवढंच उत्तर मिळालं, की मूल नियम तुमच्यासमोर पाळतं.

आणखी एक. बंदी येते ती बहुतेक मुलीवर. मुलग्याला "पोरगाच आहे, काय होतंय" म्हणून मोकळं सोडलं जातं. नको ते फोटो मागून नंतर पैशासाठी धमकावणाऱ्या टोळ्या मुलग्यांनाही गाठतात, आणि घरात या विषयावर त्यांच्याशी अवाक्षरही कोणी बोललेलं नसतं.

पासवर्ड मागावा का? मोबाइल तपासावा का?

बारा-तेराव्या वर्षी पासवर्ड माहीत असणं रास्त आहे, आणि तो माहीत आहे हे मुलालाही माहीत हवं. पंधरा-सोळानंतर चॅट वाचणं म्हणजे डायरी वाचणं. खरा धोका दिसत असेल तर वाचा, पण मग "वाचलं" हे कबूल करा. चोरून वाचलेलं एक ना एक दिवस भांडणात तोंडातून निघतंच.

मधला रस्ता आहे. इन्स्टाग्रामच्या पालक देखरेखीत मूल गेल्या सात दिवसांत कोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. मला ही विभागणी पटते. अनोळखी नाव दिसलं तर "हा कोण रे?" एवढं विचारायला ती पुरते.

"माझं अकाउंट प्रायव्हेट आहे" म्हणते. पुरे ना?

बरंच झालं, पण पुरं नाही. प्रायव्हेट अकाउंटचाही प्रोफाइल फोटो, नाव आणि बायो कोणालाही दिसतो. आणि चारशे फॉलोअर असतील तर ते प्रायव्हेट कसलं? लग्नाचा हॉल झाला. स्क्रीनशॉट काढायला त्यातला एक जण पुरतो. "एकदाच बघता येईल" असा फोटो दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपता येतो.

आता जन्मसाल तपासा. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात इन्स्टाग्रामनं किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली: आपोआप प्रायव्हेट, अनोळखी मेसेजवर बंधन, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, आणि सोळाच्या आतल्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी. पण हे सगळं नोंदवलेल्या वयावर चालतं. दहा वर्षांच्या मुलानं २०२१ मध्ये जन्मसाल २००५ टाकून अकाउंट उघडलं असेल, तर २०२५ मध्ये तो चौदाचा आहे आणि ॲपच्या लेखी वीस. त्याला यातलं एकही संरक्षण आपोआप मिळत नाही. ते अकाउंट उघडून देणारा मामा किंवा बाबाच असतो, हे अनुभवानं सांगते.

लोकेशन बंद ठेवायचं का?

स्नॅपचॅटच्या नकाशावर "घोस्ट मोड" चालू करून घ्या, म्हणजे मूल कुठे आहे ते मित्रांना दिसत नाही. व्हॉट्सॲपवर घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवणं चांगलंच. मोबाइलनं काढलेल्या फोटोत जागेची नोंद असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर सोबत जाते.

अकरावीच्या ॲडमिशनला सगळी कागदपत्रं नेट कॅफेवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. चालतं का?

सगळेच पाठवतात, आणि याबद्दल मला कोणी विचारत नाही. एका आजोबांनी विचारलं म्हणून इथे घेतलं. आधार, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, फोटो, सही: मुलाची अख्खी ओळख त्या एका चॅटमध्ये असते, आणि तो मोबाइल दुकानात दिवसभर कोणाच्याही हातात असतो. शक्य असेल तर पेन ड्राइव्हमधून द्या. पाठवावंच लागलं तर प्रिंट निघाल्यावर तिथेच उभं राहून त्यांच्याकडून "डिलीट फॉर मी" करून घ्या, फोनच्या गॅलरीतूनही. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि अर्ज भरताना आलेला ओटीपी मुलानं मोठ्यानं वाचून दाखवण्याआधी तो कशाचा आहे, हे वाचायची सवय लावा.

कायद्यानं काही संरक्षण आहे का?

आहे, पण अजून वाटेवर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती बालक. तिची माहिती वापरायला कंपनीला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीसारख्या मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. ऑस्ट्रेलियानं तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांवर अकाउंट ठेवायलाच मनाई केली.

हे सगळं कंपन्यांना बांधतं. वर्गातल्या ग्रुपवर मैत्रिणीचा फोटो फिरवणाऱ्या मुलाला हा कायदा अडवत नाही, तिथे दुसरे कायदे येतात.

फोटो बाहेर गेलाय, कोणीतरी धमक्या देतोय. आधी काय करू?

आधी मुलाला मारू नका, ओरडू नका. "तू सांगितलंस हे बरं केलंस" एवढं एकच वाक्य म्हणा. मुली शेवटपर्यंत लपवतात त्याचं कारण धमकी देणारा नसतो. "घरी कळलं तर शाळा बंद होईल" ही भीती असते.

मग पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट उडवू नका. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर, यूपीआय आयडी, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. तो फोटो "पुरावा" म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. गंमत म्हणून फॉरवर्ड करणारे वर्गमित्रही त्यात अडकतात, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक चोवीस तास चालू असतो. "टेक इट डाऊन" ही अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा १८ वर्षांखालच्यांसाठी आहे. फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवतात.

पोलिसांकडे गेलो तर बदनामी होईल, असं सगळ्यांना वाटतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, आणि मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला बंदी आहे. ठाण्यात जाताना हे माहीत असलं तर आवाज जरा ठाम राहतो.

मुलाची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीतून बोलता येतं.

मुलगी म्हणते, "आई, माझे फोटो तू टाकू नकोस." आता माझ्याच मुलीचे फोटो टाकायला परवानगी घ्यायची का?

हो. आणि जुने काढायला सांगितले तर तेही काढा. बारशाचा एखादा ठेवू का, असं विचारून बघा. बहुतेक मुली हो म्हणतात.